कॅरिअरवरचं लाकूड

थंडी पडली की मी पहाटे मोशीहून चाकणकडे सायकल हाणतो. हातमोजे, हेल्मेट, आणि खाली पिसासारखी हलकी सायकल. वाटेत रोज एक म्हातारबुवा भेटायचे. कानटोपी, धोतर, काळी जडशीळ सायकल आणि कॅरिअरला बांधलेली लाकडं. मी त्यांना ऐटीत मागं टाकायचो. परतताना ते कुठल्या तरी कंपनीच्या गेटवर, वॉचमनच्या शेकोटीपाशी बसलेले असायचे. रोज वेगळं गेट.

एकदा थांबून विचारलं, “बाबा, दमलात का?”

“दमतोय कशाला? गार झालोय. गार झाल्याबिगर शेकायला मजा न्हाई. आता ऊब आली की निघायचं फुडल्या गेटला, पुन्यांदा गार व्हायला!”

मीही जाळावर हात धरले. वॉचमन उगाच खाकरला. बुवांनी माझी सायकल पुढून-मागून न्याहाळली.

“सायकल झ्याक हाय. पण लाकूड कशावर आणता?”

शेकोटीला रिकाम्या हातानं यायचं नसतं, हे तेव्हा कळलं. मी हात मागं घेतले.

वजन कमी व्हावं म्हणून मी त्या सायकलचं स्टँडसुद्धा काढून टाकलं होतं. गेल्या आठवड्यात सायकलच्या दुकानात नेऊन तिला कॅरिअर बसवून घेतलं. सायकलवाला अजून माझ्याशी नीट बोलत नाही.