व्हॅनच्या नाकाला हळद

अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात आमच्या दारव्ह्याच्या साडूंइतका स्वतःच्या नाकावर विसंबून असणारा माणूस झाला नाही आणि होणारही नाही. तरुणपणी ते जिनिंगमध्ये कापूस पारखायला होते. बैलगाडीतल्या ढिगात कोपरापर्यंत हात घालायचा, आतला कापूस उपसून नाकाशी धरायचा आणि डोळे मिटून ‘ओला’ किंवा ‘चालते’ म्हणायचं, एवढंच काम. पुढे कापसाचे भाव पडले, जिनिंगला कुलूप लागलं, नाक मात्र चालूच राहिलं. लग्नाच्या पंगतीत वरणाची बादली त्यांच्या नाकाखालून गेल्याशिवाय पुढे सरकत नसे. एकदा मी नवा शर्ट घालून गेलो, तर कॉलर हुंगून म्हणाले, “याच्यात कापूस फक्त नावाले हाय.” तो शर्ट मला पुन्हा कधी आवडला नाही.

काम सुटल्यावर त्यांनी एक जुनी व्हॅन घेतली. ती काळा धूर सोडी, पेट्रोल ढोसे, चढावर आचके देई आणि डॅशबोर्डवरचा इंजिनाचा पिवळा दिवा विझायचं नाव घेत नसे. साडूंनी त्या दिव्यावर माझ्या मेहुणीची टिकली चिकटवून प्रश्न मिटवला. पण एकुलत्या एक लेकीचं लग्न फुलसावंगीला ठरलं आणि भर बैठकीत साडू व्याह्यांना सांगून बसले, “पोरगी माह्याच गाडीतून सासरी येईन.” आता नवरी वाटेत धक्का मारताना दिसली तर शोभा झाली असती. म्हणून आम्ही व्हॅन नेरला एका ओळखीच्या मेकॅनिक चाचांकडे नेली.

“ऑक्सिजन सेन्सर गेला, भाऊ,” चाचा म्हणाले. “धुराच्या नळीत बसते. धूर सुंघते अन् इंजिनले सांगते, पेट्रोल किती पाह्यजे ते.”

साडू गहिवरले. “म्हणजे गाडीले बी नाक हाय! अन् बिचारी इतके दिवस सर्दीत चालून राह्यली.”

नवा सेन्सर आला, पण पूजेशिवाय बसवायचा नाही म्हणून साडू तो घरी घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी चाचांनी तो बसवला, तर दिवा तसाच आणि धूर दुप्पट. चाचांनी सेन्सर काढून पाहिला. तो पिवळाधमक आणि तेलकट झाला होता.

“हे काय केलं?”

“हळदकुंकू वाह्यलं.”

“अन् तेल कायले?”

“दोनच थेंब सोडले. नाक मोकळं व्हावं म्हणून.”

चाचा टायरवर बसले. सेन्सर बोटांत फिरवत म्हणाले, “भाऊ, नाकात हळद कोंबून तुमी कापूस पारखला असता का?”

साडूंनी प्रामाणिकपणे विचार केला. “नसता पारखला,” ते म्हणाले. पुन्हा सेन्सर आणला, तेव्हा त्यांनी फक्त रिकाम्या खोक्याची पूजा केली. दिवा विझला, धूर थांबला आणि टिकली त्यांनी जपून काढून ठेवली.

पाठवणीला व्हॅन चालवायला मीच होतो. लेक मागे बसली. साडू खिडकीतून वाकले, तिचं डोकं हुंगलं आणि डोळे मिटून तसेच उभे राहिले. मी सवयीने निकालाची वाट पाहत होतो, पण या वेळी त्यांनी काहीच सांगितलं नाही. मग उपरण्याने डोळे पुसत, मला लेकीच्या नात्याने हाक मारून म्हणाले, “न्या आता, मावसाजी. धूर डोयात जाऊन राह्यला.”

मी गाडी काढली आणि आरशात पाहिलं. साडू अजून डोळे पुसत होते आणि मागे धूर अजिबात नव्हता.