ओळ परत द्यायला कुणी हवं

माझ्या मित्राच्या, मुकुंदच्या लेकीचा, ऋचाचा फोन आला तेव्हा मी मेट्रोत उभा होतो. "काका, बाबा…" एवढंच ऐकू आलं, गाडी बोगद्यात शिरली आणि फोन तुटला. पुढचं स्टेशन येईपर्यंत मी दारापाशी नुसता चुळबुळत होतो. एका मनाला कळलं होतं. दुसरं म्हणत होतं, मुकुंदच तो, काहीतरी हरवलं असेल आणि लेकीला कामाला लावलं असेल. पुन्हा फोन लागला तेव्हा ती रडत रडत हिंदीतच बोलली. मुकुंद सकाळी फिरायला निघाला होता, बूट घालता घालता गेला. हृदयविकार. आता काही आठवडे झाले, पण माझी ती चुळबूळ काही थांबत नाही, म्हणून लिहायला बसलोय.

आम्ही दोघं केंद्र सरकारच्या एकाच मंत्रालयात, आणि आर. के. पुरमला आमची क्वार्टर्सही एकाच ब्लॉकमध्ये. मुकुंदच्या पायाला भिंगरी होती. बसून त्याला कविता सुचत नसे आणि म्हणता तर मुळीच येत नसे. रविवारी गच्चीवर बैठक भरायची, त्यात निम्मे मराठी, उरलेले शेजारचे हिंदी-उर्दूवाले. त्यांच्याकडूनच त्याने एक रीत उचलली. कवीने पहिली ओळ म्हणायची, ऐकणाऱ्यांनी ती त्याला परत द्यायची, मग त्याने ती पुन्हा म्हणून पुढे जायचं. शेजारच्या माथूरसाहेबांना मराठीचं ओ की ठो कळत नसे, पण ओळ परत देताना सगळ्यात मोठा आवाज त्यांचाच!

मग नव्वदीनंतरचं वारं आलं. घरोघरी केबल आली, आणि जो तो यमुनेपार नाहीतर गुडगावला फ्लॅट बघायला पळू लागला. मुकुंदने नोएडात घेतला. बिल्डरने ताबा द्यायला इतकी वर्षं लावली की नकाशातल्या बागेचं तोवर पार्किंग झालं होतं. शेवटी घर मिळालं, गच्ची सुटली, आणि कविता बंद पडली. "कुणाला ऐकवू? लिफ्टला?" म्हणून चिडायचा. त्याच दिवसांत फोनवर त्याने मला एक ओळ सांगितली होती… 'घर मिळाले, आता जाऊ कुणाकडे?' पुढची कविता मात्र कधी म्हटली नाही. मला त्याचा फार राग यायचा. एवढा गुणी माणूस बाल्कनीत येरझाऱ्या घालत सोसायटीच्या पाण्याच्या तक्रारी करत होता.

निवृत्तीनंतर ऋचाने त्याला नवा मोबाइल दिला आणि कविता रेकॉर्ड करून इंटरनेटवर टाकायला शिकवलं. पहिल्याच दिवशी त्याने अर्ध्यात सोडून मला फोन केला. "अरे, ओळच कुणी परत देत नाही! भिंतीशी बोलायला मी काय खुळा आहे? तू ये."

"मेट्रो बदलत बदलत एक ओळ म्हणायला येऊ?"

"हो. आणि जेवूनच जा."

गेलो, आणि मग दर रविवारी जात राहिलो. तो हॉलभर फिरत म्हणे, मी दिवाणावर बसून ओळ परत देई. ऐकणारे वाढले. कुठल्या कुठल्या छावण्यांतून मराठी जवान त्याला लिहू लागले, आणि गडी पुन्हा रंगात आला.

एकदा ऋचाने त्याच्या रेकॉर्डिंगमधल्या सगळ्या थांबण्याच्या जागा कापल्या, माझ्या आवाजासकट. "बाबा, इतना पॉज कौन सुनता है? लोक स्क्रोल करून जातात, यार." कविता सटासट धावली. मुकुंदने ती ऐकली आणि इंटरनेटवरचं होतं-नव्हतं ते सगळं पुसून टाकलं. "ती ऐकणाऱ्याची जागा आहे. ती कापलीस तर मी एकटाच उरतो," एवढंच म्हणाला. पोरीने भल्यासाठीच केलं होतं, ती रडली. त्यानंतर कित्येक महिने तो गप्प. मी विषय काढला की राजकारणावर घसरायचा. आता बंद पडलं ते कायमचंच, या भीतीने मला चैन पडत नसे.

तेराव्याला ऋचाने त्याचा मोबाइल माझ्यासमोर ठेवला. जाण्याच्या थोडे दिवस आधी, मी पुतण्याच्या लग्नाला पुण्यात असताना, त्याने तिला बोलावून घेतलं होतं. "म्हणाले, रेकॉर्ड कर, पण काटना मत. मी विचारलं, ओळ मी परत देऊ? तर म्हणाले, नको, ती जागा काकांची आहे."

तिने ते काहीही न कापता इंटरनेटवर टाकलंय. आधी पावलं ऐकू येतात. 'घर मिळाले, आता जाऊ कुणाकडे?' मग पावलं थांबतात. बराच वेळ काहीच नाही… मग "हां" म्हणून तो ती ओळ पुन्हा म्हणतो आणि पुढे निघतो.

आता दर रविवारी मी ते लावतो आणि त्या जागेत माझी ओळ परत देतो. गेल्या रविवारी मुद्दाम दिली नाही. म्हटलं, बघू या काय करतो ते. तरीही तो "हां" म्हणाला आणि माझ्यावाचून पुढे निघून गेला. असा संताप आला! मागे नेऊन पुन्हा लावलं, आणि शेजारपाजाऱ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने ओळ परत दिली.