शेंदराखालचा तिरंदाज

वेशीजवळच्या वीरगळावरचा शेंदराचा जाड थर यंदाच्या उन्हाने तडकला आणि आज सकाळी खपली पडावी तसा गळून पडला. छातीत बाण लागून मेलेल्या आमच्या पूर्वजाचा हा दगड. दर अमावास्येला आत्या त्यावरच्या सर्वांत ठसठशीत उंचवट्याला कुंकू लावते, दहीभाताचा नैवेद्य दाखवते. आज अमावास्येच्या पूजेला आम्ही दोघं आलो, तेव्हा त्या उंचवट्याला पहिल्यांदाच चेहरा दिसला.

तो तिरंदाज होता. दोरी कानापर्यंत ओढलेली, एक डोळा मिटलेला. आमचा वीर खाली, मातीलगत, छातीत बाण घेऊन पडलेला.

"अगं बाई! म्हणजे आपण मारणाऱ्यालाच पुजत होतो?" आत्याचं कुंकवाचं बोट हवेतच राहिलं.

मला मात्र त्याचा चेहरा बघवेना. त्यावर ना राग, ना द्वेष. सुईत दोरा ओवताना माणूस दिसतो, तसा तो दिसत होता. माणूस मारताना इतकं निवांत राहता येतं?

आत्याने वाकून आधी पडलेल्या वीराला कुंकू लावलं. मग तिरंदाजालाही लावलं.

"त्याला कशाला?" मी जवळजवळ ओरडलोच.

"इतक्या पिढ्या आपल्या हातचं जेवलाय," ती म्हणाली. "आता उपाशी ठेवू?"