अकरा काळी फडकी

हेमराज धकातेवर मंत्र्यांना काळे झेंडे दाखवल्याचा गुन्हा दाखल आहे, असं मी सांगितलं की सक्करदऱ्यातली माणसं मलाच वेड्यात काढतात. ज्याने उभ्या जन्मात पानठेल्यावर चुना जास्त झाला म्हणूनसुद्धा तोंड उघडलं नाही, तो मंत्र्यांना काय दाखवणार? पण गुन्हा खरा आहे. कबुलीजबाब मीच टाइप केलाय. कोर्टाबाहेर माझं टायपिंगचं टेबल आहे आणि हेमराज माझा शेजारी.

हेमराज उमरेडच्या विणकराच्या घरातला. माग बंद पडल्यावर त्याने कूलर दुरुस्त केले, एटीएमबाहेर पहारा दिला, लग्नात पंगती वाढल्या. कुठेच जीव रमला नाही. मग तीन वर्षांपूर्वी तलावाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला रुचिका मॅडम नावाच्या तरुण इंजिनिअरबाईंनी एक लांब चर खोदवला. तळाला गिट्टी, वर रेती, त्यावर खतमाती आणि तीत वाळा, कर्दळ, लव्हाळा. गाड्यांची टायरं झिजून जी काळी भुकटी रस्त्यावर बसते, ती पावसाच्या पाण्याबरोबर थेट तलावात जायची. आता ते पाणी आधी चरात मुरणार, भुकटी रेतीत आणि मुळांत अडकणार, आणि निवळलेलं पाणी पुढे जाणार. हेमराज या चराचा माळी. मागानंतर पहिल्यांदा त्याच्या हातून काहीतरी नीट होत होतं, आणि तो त्या चरावर जीव टाकायचा.

चर काम करतो की नाही हे बघायची त्याची पद्धतही विणकराची. स्वतः विणलेल्या कापडाचा शेवटचा पांढरा ताका त्याने सतरा वर्षं ट्रंकेत जपला होता. तो फाडून त्याने फडकी केली. पाऊस आला की एक फडकं पाणी आत शिरतं तिथे बांधायचं, एक बाहेर पडतं तिथे. आतलं निघायचं काळंकुट्ट, बाहेरचं पांढरं. त्याची बायको अनुसया संतापली. “पोरीच्या लग्नात हात लावू नाई देल्ला ताक्याले, अन् आता रस्त्याच्या घाणीसाठी फाडून राहिले!”

मागच्या साली वरून फर्मान आलं, चर बुजवून वर सिमेंटचे गट्टू, म्हणजे फरशीचे ठोकळे, बसवा. समिती एकदा बघून काय ते ठरवणार होती. पाहणीच्या सकाळी हेमराजने दोन खांबांना दोर बांधून फडकी लावली, अकरा काळी, अकरा पांढरी. नेमके त्याच सकाळी मंत्री त्याच रस्त्याने जाणार होते.

बंदोबस्तावरचे हवालदार बाबूलाल दोर बघूनच हबकले. त्यांनी अकरा काळी फडकी उतरवून गाडीत टाकली.

“साहेब, जोडीनं हायेत ते,” हेमराज काकुळतीला आला. “काळे नेता तर पांढरे काहून ठेवता?”

“पांढऱ्याले मनाई नाई गा.”

तासाभराने समिती आली. दोरावर अकरा शुभ्र फडकी. अध्यक्षांनी शेरा लिहिला: पाणी स्वच्छ आढळले, सबब चराची गरज नाही. काळी फडकी पोलिसांनी नेली, असं हेमराज सांगायला गेला, तर पोलिसांचं नाव ऐकताच समिती गाडीत बसली. रुचिका मॅडम म्हणाल्या, हरकत घ्यायला आठ दिवस आहेत, पण पुरावा लागेल. प्रयोगशाळेचा अहवाल काही तोवर येणार नव्हता.

मी अर्ज टाइप करून हेमराजला ठाण्यात घेऊन गेलो. सदर फडकी परत मिळावीत. बाबूलालांनी रजिस्टर उघडलं.

“फडके जमाच नाई इथं. झेंडे जमा हाय. काळे, नग अकरा. मालक अज्ञात.”

“मालक हा काय, उभा आहे,” मी म्हणालो.

“मालक म्हंजे आरोपी. समजलं का भाऊ?”

मी हेमराजचा दंड धरून ओढला. माणूस हलेना.

“ल्हून घ्या साहेब,” तो म्हणाला, “झेंडे माहेच होय.”

मनातल्या मनात त्याला शिव्या घालत मी कबुलीजबाब टाइप केला. आणि झालं काय? मालक सापडला म्हणून गुन्हा पक्का झाला, आणि गुन्हा पक्का झाला म्हणून फडकी पुरावा ठरून लाखेच्या मोहरेखाली गेली. आमच्या हाती आला नुसता पंचनामा. त्यात चराची लांबी-रुंदी मोजलेली, आणि खाली एक ओळ: घटनास्थळ, निकाल लागेपर्यंत फेरबदल करू नये.

नवव्या दिवशी गट्टूंचा ट्रक चरापर्यंत आला. ठेकेदाराने पंचनाम्याचा कागद दोनदा वाचला आणि ट्रक मागे फिरवला. रुचिका मॅडम हसता हसता फुटपाथवरच बसल्या.

गेल्या महिन्यात हेमराजच्या वकीलबाई त्याला म्हणाल्या, “काका, केसमध्ये काही दम नाही. पुढच्या तारखेला तुम्ही निर्दोष सुटता.”

हेमराजचं तोंड उतरलं. “इतक्या लवकर?”

संध्याकाळी तो अनुसयेला घेऊन माझ्या टेबलाशी आला. तारीख लांबवायचा अर्ज हवा होता. कारण काय लिहू, मी विचारलं. अनुसयाच पुढे झाली.

“ल्हा भाऊ. वाळ्याच्या मुळ्या आत्ता कुठं खोल चालल्या. अजून दोन पावसाळे आमच्या ह्यायले आरोपी राहू द्या म्हना.”

सुटकेचे अर्ज मी हजारांनी टाइप केलेत. सुटू नये म्हणून हात जोडणारा हा पहिलाच, आणि तो टाइप करताना मला अक्षरं धड दिसत नव्हती.