हातात न तोलता

रोज सकाळी दुकानाचं शटर वर केलं की आत्या आदल्या दिवशी विणून झालेल्या खुर्चीवर धपकन बसायची. बैठक जराशी जरी खाली दबली, तरी सगळा वेत सोडून पुन्हा विणायला घ्यायची. समोरचा कुलूपवाला म्हणायचा, "ताई, तुमच्या वजनाने माशी तरी दबेल का?" आत्या म्हणायची, "म्हणून तर जोरात बसते."

दुकान आजोबांचं. दोन गिऱ्हाइकं आत आली तर तिसऱ्याने फुटपाथवर थांबायचं, एवढंच. वेत मऊ राहावा म्हणून तो भिजत घालायची पत्र्याची टाकी, भिंतीला टांगलेल्या बिनबैठकीच्या खुर्च्या आणि ओल्या वेताचा वास. आजोबा गेल्यावर ते दोघांच्या नावे झालं, माझ्या बाबांच्या आणि त्यांच्या या धाकट्या बहिणीच्या. बाबांना त्या कामाची कधीच गोडी नव्हती. आत्या शाळेतून आली की दप्तर टाकून तिथेच बसायची. लग्न तिने केलं नाही. का नाही केलंस, असं विचारणाऱ्याच्या हातात ती वेताचं टोक द्यायची आणि म्हणायची, "घट्ट धरा."

मग शेजारच्या कपडेवाल्याला मधली भिंत पाडून मोठं दुकान हवं झालं. बाबांना वाटलं, देवच पावला. "वेताच्या खुर्चीवर आता बसतं कोण? तू आमच्याकडे राहायला ये. मागची खोली तुझीच." विकायला फक्त तिची सही हवी होती. नातेवाईक म्हणत, भावासाठी एवढं केलंस तर तुझंच मन मोठं दिसेल. आत्या डळमळली. तिने नवीन काम घेणं थांबवलं, टाकी पालथी घातली.

अशातच एका रविवारी चर्चमध्ये पाळकांनी पवित्र शास्त्राच्या वर्गात बायबलमधल्या दोन जुळ्या भावांची गोष्ट घेतली. थोरला शिकारीहून भुकेला येतो, धाकट्याच्या चुलीवर मसूर शिजत असते आणि एका वाडग्यासाठी थोरला आपला वारसाहक्क देऊन टाकतो. पाळक म्हणाले, त्याने तो हक्क तुच्छ मानला असं शास्त्र म्हणतं, आणि तिथला मूळ हिब्रू शब्द आहे बाझा. "आपल्याला वाटतं, तुच्छ मानणं म्हणजे थुंकणं, नाक मुरडणं, चार शिव्या हासडणं. इथे तसलं काहीच नाही. तो जेवला, प्याला, उठला आणि चालू लागला. आपल्या वाट्याला आलेलं हातात तोलूनही न बघता खाली ठेवायचं, तेही बाझाच."

परतताना मी आत्याबरोबर होते. कोपऱ्यावर थांबून ती म्हणाली, "मी समजत होते, दुकान तुझा बाप तुच्छ मानतो. तो बिचारा भाव तरी करतोय. न बघता टाकून द्यायला तर मीच निघाले होते."

पुढच्या रविवारी बाबांनी तिला जेवायला बोलावलं. आईने सगळं तिच्या आवडीचं केलं होतं. ताटाच्या डावीकडे कागद, त्यावर पेन.

"आधी सही करून टाक, मग निवांत जेव," बाबा म्हणाले.

"उपाशीपोटी सौदा करणाऱ्याचं काय झालं, ऐकलं नाहीस का, दादा?"

"वर्गातलं घरात आणू नकोस."

"बरं. वाढ गं वहिनी."

ती जेवली. भाजी पुन्हा मागून घेतली. बाबा पेनाचं टोपण काढत होते, लावत होते. ती पाणी प्याली, उठली, हात धुतले आणि चपला पायात सरकवल्या.

"अगं, सही?"

"नाही करणार."

"एवढंसं ते खोपटं. त्याला काय वारसा म्हणायचं?"

"देवाने बंगला दिला असता तर बंगल्यासाठी भांडले असते. खोपटं दिलंय, खोपट्यासाठी भांडते."

"म्हणजे आम्ही तुझे वैरी?"

"वैरी असतास तर सोपं होतं रे." मग आईकडे वळून म्हणाली, "भाजी झकास झाली होती." आणि गेली.

बाबांनी बोलणं टाकलं. रस्त्यात दिसली तर पलीकडच्या बाजूने जायचे. कपडेवाल्याने दुसरीकडचं दुकान घेतलं. प्लास्टिकच्या खुर्च्यांनी गिऱ्हाईक नेलं ते नेलंच. कित्येक दिवस एकही खुर्ची यायची नाही. तरी शटर वर, टाकी भरलेली. कुणी खोचून विचारलं, "काय, चालतं का दुकान अजून?" तर आत्या मान वर न करता म्हणायची, "तुम्हाला अडचण होत असेल तर सांगा, अजून थोडं बाहेर सरकते."

केस पांढरे होईपर्यंत ती तशीच तिथे बसत राहिली. एका संध्याकाळी घरी जाऊन आडवी झाली, ती उठलीच नाही. त्याच दिवशी दुपारी मी दुकानात गेले होते. फार उकडत होतं. ती वाकून एका खुर्चीचा शेवटचा कोपरा विणत होती. मी आत शिरता शिरता बटण दाबलं.

"पंखा बंद कर गं," ती म्हणाली, "वेत वाळतोय."