सोमवारी जागा बदलतात

समजा, तुमच्या हाताखाली अकरा माणसं आहेत आणि शनिवारी सामना आहे. तुम्ही मैदानात उतरणार नाही, चेंडूला पाय लावणार नाही. तुमच्यासमोर फक्त एक हिरवा चौकोन आणि त्यावर अकरा ठिपके. कोणता ठिपका कुठे ठेवायचा, त्याने पुढे धावायचं की मागे थांबायचं, एवढं ठरवायचं आणि मग जीव मुठीत धरून बघत बसायचं. प्रत्येकाच्या नावापुढे आकडे असतात: वेग किती, दम किती, पास किती अचूक. शिवाय एक लहानसा बाण. बाण वर असला तर गडी खूश, खाली असला तर त्याला काहीतरी खुपतंय. सांगा, सुरुवात कुठून कराल?

माझ्या काकांनी गोलकीपरपासून केली. त्याला त्यांनी पुढे गोल करायला पाठवलं.

काका एका मोठ्या हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत मुकादम आहेत. फुटबॉल त्यांनी जन्मात खेळला नव्हता. गेल्या वर्षी गरम पाइप लागून पाऊल भाजलं आणि तीन आठवडे घरी बसायची वेळ आली, तेव्हा मी माझ्या जुन्या लॅपटॉपवर त्यांना हा संघ चालवायचा खेळ घालून दिला. वाटलं, दोन दिवसांत कंटाळतील. मी त्यांच्याकडेच राहते, त्यामुळे पुढचं सगळं माझ्या डोळ्यांदेखत घडलं. काका ओळीने नऊ सामने हरले.

मी पडद्यावर डोकावले तर गोलकीपर पुढे, उंचपुरा बचावपटू डाव्या कडेला आणि सगळ्यांत चपळ पोरगा गोलमध्ये उभा.

"काका, हे काय?"

"जागा बदलल्यात. सोमवार होता ना."

मग उलगडा झाला. लॉन्ड्रीत सात जण काम करतात आणि दर सोमवारी सगळ्यांच्या जागा बदलतात. हा नियम काकांचाच. मळके कपडे निवडायचं काम कुणालाच नको असतं, ओल्या चादरी मशीनमधून ओढून काढताना कंबर मोडते, वाफेच्या इस्त्रीपाशी घाम निथळतो आणि घड्यांच्या टेबलाला मात्र खिडकी आहे. त्यामुळे आळीपाळीने सगळ्यांनी सगळं करायचं. फळ्यावर नावांच्या सात पट्ट्या आहेत. सोमवारी सकाळी काका त्या एकेक घर पुढे सरकवतात.

"गोलकीपरला गोलमध्येच ठेवायचं असतं," मी म्हटलं.

"कायम?"

"कायम."

"बिचारा! म्हणजे सगळे गोल त्याच्याच माथी?"

काकू आतून म्हणाल्या, "अकरा जणांना कामं वाटून देतात, आणि स्वतःचा कप उचलायला बारावा लागतो!"

काकांनी कप उचलला आणि गोलकीपरला मागे आणलं. दहावा सामना बरोबरीत सुटला. तेव्हापासून ते या खेळाचे झाले. पाऊल बरं झालं तरी कामावरून आले की चारच्या चहाबरोबर लॅपटॉप उघडायचाच. मी त्यांना एक गोष्ट समजावून सांगितली होती: जागा वेगळी आणि काम वेगळं. एकाच जागी उभे असलेल्या दोघांपैकी एकाला पळायला सांगता येतं, दुसऱ्याला थांबून चेंडू वाटायला. हे त्यांना फारच आवडलं. त्यांच्या संघात पस्तिशीचा एक खेळाडू होता. काका त्याला 'आजोबा' म्हणायचे. दम संपलेला, पण पास असा की सुईत दोरा ओवावा. काकांनी त्याला बचावाच्या पुढ्यात उभं केलं, 'थांब आणि वाट' असं काम दिलं आणि त्याच्या दोन्ही बाजूंना दोन धावणारे गडी ठेवले. संघ ओळीने तीन सामने जिंकला.

त्याच दिवसांत लॉन्ड्रीत नव्या मॅडम आल्या. त्यांनी आठवडाभर उभं राहून काम पाहिलं आणि त्यांच्या लक्षात आलं की पहिलवान ओल्या चादरींपाशी असला की त्याची ढकलगाडी दुसराच कुणीतरी भरतो.

पहिलवान म्हणजे काकांचा बावीस वर्षांपासूनचा जोडीदार. दोघे एकाच दिवशी कामाला लागले. एके काळी तो ओल्या चादरींचा गठ्ठा एका हाताने उचलायचा, म्हणून हे नाव. आता त्याचा उजवा खांदा वर जात नाही. सगळ्यांना माहीत होतं, कुणी बोलत नव्हतं.

मॅडम वाईट नव्हत्या. त्या म्हणाल्या, "ज्याला सगळी कामं जमत नाहीत त्याला पलीकडच्या इमारतीत, स्टोअरमध्ये हलवू. तिथे बसून काम आहे. किंवा तुम्ही दुसरा तक्ता करून आणा. सोमवारपर्यंत."

स्टोअरमध्ये एकच माणूस असतो. एक लोखंडी जाळी, एक रजिस्टर आणि दिवसभरात दहा माणसांची तोंडं. पहिलवानाला गप्पांशिवाय घास उतरत नाही.

काकांनी तो शनिवार-रविवार हिरव्या चौकोनात घालवला. आजोबांना इकडे हलव, तिकडे हलव. शेवटी वहीच्या कागदावर सात नावं लिहिली. सहा जण फिरते. पहिलवान कायमचा निवडीच्या टेबलाशी: काही उचलायचं नाही, कुठला कपडा कुठल्या वॉर्डाचा ते बघायचं आणि गाड्या लावून द्यायच्या.

"बघ, हे आपले आजोबा," ते मला म्हणाले. "थांब आणि वाट."

सोमवारी त्यांनी पट्ट्या सरकवल्या. सहा पट्ट्या एक घर पुढे गेल्या, सातवी जागची हलली नाही. पहिलवानाने फळा वाचला. मग टेबलाशी गेला आणि सुट्टी होईपर्यंत मुकाट्याने कपडे निवडत राहिला. चहाला आला नाही. मंगळवारीही नाही. बुधवारी तो मॅडमना स्वतःच म्हणाला, "स्टोअरमध्ये जागा आहे म्हणे. शुक्रवारनंतर जातो."

काकांनी घरी येऊन लॅपटॉप उघडला. मी शेजारी बसले.

"हे बघ," त्यांनी आजोबांच्या नावावर बोट ठेवलं. बाण खाली होता. अगदी तळाला. "कधीपासून आहे गं हा?"

मी मागच्या नोंदी उघडल्या. जागा बदलली त्या दिवसापासून. तीन विजय, आणि तिन्ही वेळा बाण खाली.

"जिंकत होतो ना," काका म्हणाले. "बघितलंच नाही मी."

त्या खेळात खेळाडूशी बोलायचं एक बटण असतं. काकांनी ते कधी दाबलं नव्हतं. त्या दिवशीही दाबलं नाही. लॅपटॉप मिटून झोपायला गेले.

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत ते पहिलवानासमोर जाऊन बसले. पुढचं संभाषण मला दोघांनीही सांगितलं. तपशील वेगळे आहेत, शिव्या मात्र दोघांच्या आठवणीत सारख्याच.

"रागावलास?"

"मी कोण रागावणारा? तू मुकादम. पट्टी तुझी, फळा तुझा."

"तुझ्याचसाठी केलं रे. तुला उचलायला लागू नये म्हणून."

"बावीस वर्षं माझी पट्टी दर सोमवारी सरकली. सरकते, म्हणजे मी इथं आहे. तू ती ठोकून टाकलीस. बाकीचे सहा फिरतात आणि मी आपला भिंतीवरच्या कॅलेंडरसारखा."

"मग स्टोअरमध्ये जाऊन काय करणार? उंदरांना गोष्टी सांगणार?"

"तुझ्यापेक्षा नीट ऐकतील."

काकांनी डबा बाजूला सारला. मग म्हणाले, "चुकलो. आधी विचारायला हवं होतं. आता विचारतो. कुठे उभा राहशील?"

"सगळीकडे," पहिलवान म्हणाला. "गाढवा, मला उचलता येत नाही. बाकी सगळं येतं. मशीन कुठल्या बाजूने जड भरलंय ते मला आवाजावरून कळतं. तुला कळतं?"

काकांना कळत नव्हतं. लॉन्ड्रीत कुणालाच कळत नव्हतं.

दोघांनी जेवणाच्या डब्याच्या झाकणावर खडूने नवा तक्ता मांडला. पट्ट्या सातही फिरणार, पहिलवानाचीसुद्धा. जागा तीच, काम वेगळं. ओल्या चादरींपाशी त्याचा आठवडा आला की तो मशीनचा आवाज ऐकणार, कुठला भार कमी करायचा ते सांगणार आणि बटणं सांभाळणार; गाडी शेजारचा भरणार. इस्त्रीपाशी तो चादरीचं टोक धरून सरळ करणार, वर कुणी दुसरा टाकणार. त्या बदल्यात मळके कपडे निवडायच्या आठवड्यात शेजाऱ्याचं निम्मं काम पहिलवान उरकणार. कुणाचं देणं नको, असं त्यानेच सांगितलं.

शुक्रवारी मॅडमनी झाकण हातात घेतलं, चष्मा कपाळावर चढवला आणि दोनदा वाचलं.

"मशीन आवाजावरून?"

"चालू करून बघा," पहिलवान म्हणाला.

त्यांनी तिसरं मशीन चालू केलं. पहिलवानाने डोळे मिटले. "डावीकडे ब्लँकेट आहे. एकच. चादरींत चुकून आलंय." मशीन थांबवून उघडलं तर ब्लँकेट निघालं. मॅडमनी झाकण परत दिलं आणि म्हणाल्या, "कागदावर लिहून आणा, झाकणावर सही कशी करू?"

आता सहा महिने झाले. पट्ट्या दर सोमवारी सरकतात. पहिलवान चहाला येतो, काकांच्या पाठीत ओला टॉवेल मारतो आणि कसं चाललंय विचारलं की म्हणतो, "झकास." आजोबांनाही काकांनी पुन्हा थोडं पुढे आणलं. बटण दाबून विचारलं, मग आणलं. संघ सध्या मधल्या पायरीवर आहे, ना वर ना खाली. आजोबांचा बाण मात्र वर आहे.

परवा काकांनी चहाचा कप स्वतः धुऊन ठेवला, लॅपटॉपसमोर बसून त्या बाणावर बोट ठेवलं. मग मला म्हणाले, "तू शिकलेली आहेस, तुला ठाऊक असेल. पहिलवान 'झकास' म्हणतो. ते खरंच झकास आहे, की मला बरं वाटावं म्हणून म्हणतो? हे कुठे बघायचं असतं गं?"