मीडियॉकर म्हणजे अर्धा डोंगर

आमच्या लातूरच्या हौशी नाटकमंडळाचं नाटक वर्षातून एकच उभं राहतं. किस्से मात्र दर रविवारच्या तालमीला उष्ट्या कपांसारखे साचत जातात! मी कॉलेजात इंग्रजी शिकवते आणि मंडळात प्रॉम्प्टिंग करते. त्यामुळे इंग्रजी शब्द अडला की सगळे माझ्याकडे बघणार.

*

बसप्पा उदगीरचे कापड दुकानदार. नाटकाचं भयंकर वेड, पण आवाज कायम एकाच पट्टीत. समोर मयत असो की लग्न!

नांदेडच्या स्पर्धेत परीक्षक त्यांना तोंडावर म्हणाले, "तुमचं काम मीडियॉकर आहे."

बसप्पांनी वाकून नमस्कार केला. परतताना गाडीत सगळ्यांना पेढे वाटले. "मीडियात शोभंल असं काम हाय म्हणले साहेब! म्हणजे टीव्हीच की!"

पेढे खाल्ले सगळ्यांनी.

*

पुढच्या रविवारी बसप्पा मला बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, पोरगी म्हणती तो शब्द चांगला न्हाई. खरं सांगा."

"सुमार. म्हणजे फारसं टॅलेंट नसलेलं," मी सांगितलं. त्यांचा चेहरा बघवेना, म्हणून शब्दाचं मूळही सांगून टाकलं. "लॅटिन शब्द आहे. मेडियस म्हणजे मधला, ऑक्रिस म्हणजे खडकाळ डोंगर. डोंगराच्या मध्यापर्यंतच पोचलेला, असा अर्थ."

बसप्पा म्हणाले, "म्हणजे अर्धा तर चढलो! उरलेला चढू की."

*

आमचे दिग्दर्शक देशमुख सर. त्यांना हा शब्द फारच आवडला. चहा मीडियॉकर, लाइट मीडियॉकर, पडदा मीडियॉकर!

एकदा ते स्वतः मेकअपला बसले आणि आरशात बघून म्हणाले, "सलीमभाई, ही मिशी मीडियॉकर झालीय."

आमचे मेकअपवाले सलीमभाई म्हणाले, "सर, मूंछ तो अव्वल है. चेहरा आप घर से लाए!"

*

नरसिंग धर्माबादचा मिरचीचा व्यापारी, आमचा कायमचा खलनायक. त्यानं विचारलं, "मॅडम, मग टॅलेंट म्हणजे तरी काय?"

"आधी ते वजन होतं. ग्रीक लोक त्यानं चांदी तोलायचे. अंगच्या गुणाला टॅलेंट म्हणायला लागले ते फार नंतर."

"वजनच हाय ना? मग वाद कशाला! मोंढ्याच्या बाजारातून वजनकाटा आणतो, एकेकाला बसवून बघू!"

सगळे पोट धरून हसले. बसप्पांनी हळूच विचारलं, "अन् कमी भरलं, तर वाढवता येतं का हो?"

हसू तिथंच थांबलं.

*

यंदा सरांनी बसप्पांची भूमिका बँकेतल्या एका तरुणाला दिली. "बसप्पा, या वर्षी तुम्ही आराम करा," सगळ्यांसमोरच म्हणाले.

"हाव सर," एवढंच बोलले बसप्पा. तालीम संपेपर्यंत बसले, नेहमीसारख्या सतरंज्या घड्या घालून ठेवल्या आणि गेले. नंतर आलेच नाहीत.

"बरं झालं, त्यांचं त्यांनाच कळलं," सर म्हणाले. पण दोन-तीन रविवारांनंतर तालमीत उगाच दाराकडे बघायला लागले. तेवढ्यात त्या बँकवाल्याची बदली झाली.

*

मग एका रविवारी सरांनी तालीमच रद्द केली. म्हणाले, "चला मॅडम, बसप्पांना घेऊन येऊ." उदगीरपर्यंत गाडीत ते माफीची वाक्यं पाठ करत होते. प्रॉम्प्टिंगला मी होतेच!

दार बसप्पांच्या बायकोनं उघडलं.

"अगं बाई, सर! तुम्ही इथं कसं? हे तर सकाळच्या एष्टीनंच तालमीला गेलेत."

आम्ही दोघं तसेच उंबऱ्यात उभे.

"दर ऐतवारी जातेत की. यंदा सरांनी लई मोठं काम दिलंय म्हणून सगळ्या गल्लीला सांगून राहिलेत." त्या आत गेल्या आणि डबा घेऊन आल्या. "आज गडबडीत हे विसरलेत बघा. तिकडंच चाललात तर तेवढा नेता का?"

सरांनी डबा दोन्ही हातांनी घेतला.

"नेतो की वहिनी. आज त्यांचाच सीन हाय."